दाराची काटी आणि माझे तीन डोळे

माझी घरघर थांबली आणि कुणीच काही बोलेना.

बाभळीची वाळलेली फांदी वाटेवर आडवी पडली होती. ती ज्या दाराला लावली होती ते दार आता सताड उघडे होते, आणि उंबऱ्यात गोजरबाई उभी होती. धापा टाकत, पदर सावरत, कुणाकडेच न पाहता. टिपणीससाहेबांचा वर गेलेला हात वरच राहिला होता. मुंबईहून आलेला नट वाटेच्या मधोमध थबकला होता. पुढचे पाऊल टाकायचे की नाही, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सरपंच सूर्यभान डोक्यावरची टोपी काढून तिच्या आत काही हरवले आहे का, असे पाहत होते. माझ्यामागे उभ्या असलेल्या प्रभुदासचा श्वास मात्र मला ऐकू येत होता. त्याचे बोट माझ्या कळीवरून अजून निघाले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना, चावीवर चालणारा कॅमेरा आहे. त्या शांततेत मी होतो, म्हणून ती मला सांगता येते. पण ती नीट कळायची, तर आधी माझ्या तीन डोळ्यांची ओळख करून घ्यावी लागेल.

माझा जन्म बर्फाच्या एका देशात, घड्याळे करणाऱ्या माणसांच्या हातून झाला. म्हणून माझ्या पोटातही घड्याळासारखी एक स्प्रिंग आहे. चावी भरली की मी अर्धा मिनिट चालतो. त्या अर्ध्या मिनिटात समोर येईल तेवढे माझे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सारे जगाचे. माझ्या तोंडावर एक फिरती चकती आहे आणि तिच्यावर तीन भिंगे बसवलेली आहेत. पहिला डोळा रुंद: त्यात माळ, आभाळ, सारे गाव एकदम मावते. दुसरा तुमच्यासारखाच: जवळचे जवळ, दूरचे दूर. तिसरा अरुंद आणि लांब: तो दूरच्या एका वस्तूला हाताला धरून पुढे आणतो आणि तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना बाहेर ठेवतो. तिन्ही डोळे एकाच वेळी उघडत नाहीत. एक उघडला की बाकीचे दोन आंधळे. माझ्यामागचा माणूस कोणता डोळा निवडतो, यावर तुम्हाला काय दिसेल हे ठरते. आणि काय दिसणार नाही, हे त्याहूनही अधिक.

एका परदेशी डॉक्टरांच्या पेटीतून मी नगरला आलो. मायदेशी परतताना त्यांनी मला कापडबाजारातल्या एका फोटो स्टुडिओच्या स्वाधीन केले. तिथे प्रभुदास काम करत असे. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेला, शब्द जपून खर्च करणारा माणूस. त्याचे आजोळ जामखेडकडचे. बोलता बोलता ते आजोळ त्याच्या जिभेवर उतरे. त्याने मला मऊ कापडाने पुसायला सुरुवात केली त्या दिवसापासून मी नगरचा झालो.

माझी ती वर्षे कौतुकाची होती. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात गळिताच्या हंगामाची पहिली मोळी पडली, ती मी टिपली. पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांतला एक उरलेला हार कुणीतरी माझ्या पेटीला घातला. शाळांची संमेलने, कुस्त्यांचे फड, पुलांची उद्घाटने. जिथे गर्दी तिथे मी. पोरे माझ्या भिंगात स्वतःचे उलटे तोंड पाहायला धक्काबुक्की करत.

मग ते कोरडे साल आले. मुंबईला नुकतेच टेलिव्हिजनचे केंद्र सुरू झाले होते, आणि दुष्काळी कामांची चित्रे पाठवण्यासाठी त्यांना जिल्ह्यात कुणीतरी हवे होते. प्रभुदास मला घेऊन माळामाळांवर फिरला. खडी फोडणाऱ्या बायका आम्ही रुंद डोळ्याने टिपल्या. सगळी टेकडी माणसांनी भरलेली. तव्यावर तीळ सांडावेत तशी माणसे. मुंबईला ते चित्र फार आवडल्याचे कळले. त्यात टेकडी दिसली, काम दिसले, ऊन दिसले. चेहरा एकही दिसला नाही. त्या तिळांत गोजरबाईही असेल. मला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. मी पाहतो, पण पाहिलेले मला कधीच दिसत नाही. माझ्या पोटातली फिल्म डब्यात बंद होते आणि मुंबईला जाते. तिथे ती धुतात, कापतात, जोडतात आणि ती कुणाच्या तरी घरात उजळते. मी इकडे काळोखात, पेटीत. माझ्या डोळ्यांतून गेलेल्या साऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे मला नेहमी दुसऱ्यांकडूनच ऐकावे लागले आहे.

दुष्काळ सरला. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, ज्वारी पोटरीला आली असताना, टिपणीससाहेब मुंबईहून नगरला आले. ते टेलिव्हिजनवर नाटिका बसवत. त्यांच्या केंद्रातले कॅमेरे कपाटाएवढे. ते स्टुडिओबाहेर पडत नसत. बाहेरच्या दृश्यांसाठी त्यांना माझ्यासारखा हलका कॅमेरा हवा होता. टिपणीससाहेब बारीक आवाजात बोलत आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे पाहत, जणू तिथे कुणी दुसरेच ऐकणारे उभे आहे. त्यांच्या नाटिकेत एक माणूस बसमधून एका गावात उतरतो. हे गाव आपले की परके, हे त्याला आठवत नाही. ते पाहणाऱ्यालाही कळता कामा नये.

"प्रेक्षकाला गाव सापडलं की तो निवांत होतो," ते प्रभुदासला म्हणाले. "म्हणतो, हां, हे अमुक ठिकाण. आणि मग बघायचं थांबवतो. आपण त्याला निवांत होऊ द्यायचं नाही."

खर्ड्याच्या किल्ल्याच्या अंगाला एक लहान गाव त्यांनी निवडले. आणि मग सुरू झाला तो खेळ, जो मी आधी कधी खेळलो नव्हतो. इतकी वर्षे मला गाव दाखवायला सांगत. आता गाव झाकायला सांगत होते. किल्ल्याचा बुरूज गल्लीच्या टोकाशी उभा होता, त्याला चौकटीच्या बाहेर ठेवण्यासाठी मला कधी गुडघ्याएवढे खाली बसवले, कधी भिंतीला गाल लावून उभे केले. बस आली ती फक्त चाकांपुरती. तिच्या कपाळावरची जामखेडची पाटी मी पाहिलीच नाही. मैलाच्या दगडावर नटाचा कोट पडलेला दाखवला. क्षितिज कुठेच नाही. आभाळ दिसलेच तर पाण्याच्या हौदात, तेही हललेले. तिसऱ्या डोळ्यात एक कोनाडा, एक कोयंडा, भिंतीतून डोकावणारे गवत. प्रत्येक वस्तू अगदी खरी, आणि तरी ती कुठली हे सांगणारा शेजारी एकही नाही. मित्रांनो, खोटे काहीच न दाखवता एखादे गाव नाहीसे करता येते, हे मला तेव्हा कळले. मला ते आवडलेही. पत्ता काढून घेतला की साध्या भिंतीवरही विचारात पडल्यासारखी एक छाया उतरते.

गावाला मात्र याची काहीच कल्पना नव्हती. मुंबईचे साहेब येणार म्हणून त्यांनी मंत्र्याच्या दौऱ्याला करतात तशी तयारी केली होती. वाटेकडेच्या दगडांना चुना फासला होता. वेशीत केळीचे खुंट रोवून कमान उभारली होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत गावाचे नाव होते.

"सायेब, कमान तेवढी घ्या," सरपंच सूर्यभान म्हणाले. "एक बारी मुंबईला गावाचं नाव दिसू द्या."

"सरपंच, नेमकं तेच दिसू द्यायचं नाही."

"म्हंजी? एवढ्या लांबनं आले ते आमचं गाव लपवाया?"

"मुंबईत लई गर्दी हाय, सरपंच," प्रभुदास म्हणाला. "तिथं लपवाया जागा न्हाई, म्हणून इथं आनलं सायबांनी."

माणसे हसली. सूर्यभानही हसले, पण कमान उतरवताना त्यांनी नावाची पाटी कुणाच्या हाती दिली नाही. स्वतःच्या काखेत धरून दिवसभर हिंडले.

त्या गावात एक गल्ली होती, तिथे आल्यावर टिपणीससाहेब एकदम थांबले. बरीचशी दारे बंद, आणि प्रत्येक बंद दाराला बाभळीची एक काटेरी फांदी आडवी लावलेली. तिला तिथे काटी म्हणत. दुष्काळात घर सोडून जाताना लोक दाराला काटी लावत. कुलूप चोरासाठी असते. काटी शेळ्याकुत्र्यांना अडवते आणि शेजाऱ्यांना सांगते, आम्ही गेलो, आत कुणी नाही. जो लावतो त्यानेच ती काढायची. घरची गेलेली सगळी माणसे परतली, की ती चुलीत घालायची. असा त्या गावाचा रिवाज होता.

टिपणीससाहेबांनी हे कुणाला विचारले नाही. त्यांना ती फांदी पुरेशी होती. "काय प्रतिमा आहे!" ते हळूच म्हणाले. प्रभुदासने माझ्या भिंगावरची धूळ फुंकली. त्याचे आजोळ त्याच्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबले. साहेबांच्या कामात बोलण्याची त्याला सवय नव्हती.

काट्यांची दारे उन्हाला पाठ करून होती. ऊन ज्या एका दारावर तिरपे पडत होते आणि ज्याच्या मागे बुरूज येत नव्हता, ते दार गोजरबाईचे. ते उघडे होते.

साहेबांनी तिचे घर निवडले तेव्हा तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. तिने अंगण सारवले, चूल पेटवली, सगळ्यांसाठी गुळाचा कोरा चहा ठेवला. कपबशा हातात देता देता ती प्रभुदासला म्हणाली, "बाबा, हे मुंबईला दिसंल ना?"

"दिसंल, मावशी. सगळ्या मुंबईला."

"सगळ्या मुंबईला न्हाई दिसलं तरी चालंल. माझ्या कानिफला दिसलं म्हंजी झालं."

मग तिने सांगितले ते मी ऐकले. कानिफनाथ तिचा एकुलता एक. कोरड्या सालात दोघांनी मिळून दाराला काटी लावली. तो ट्रकात बसून मुंबईला गेला, ती खडीच्या कामावर राहायला गेली. पाऊस झाल्यावर ती परतली, तिने काटी काढली, पण चुलीत घातली नाही. परसात भिंतीला टेकवून ठेवली. तो आल्याशिवाय कशी जाळायची? तो मात्र आला नाही. ती परतण्याआधी सूर्यभानचा पुतण्या मुंबईला गेला होता, त्याला कानिफ दादरला एका हॉटेलात कपबशा विसळताना भेटला. घर उघडल्याचा निरोप घेऊन पुतण्या पुढच्या खेपेला गेला, तेव्हा कानिफ तिथे नव्हता. दुसऱ्या कुठल्या हॉटेलात गेला म्हणाले.

"पुतन्याला म्हनला, कुनाकडं जाऊ? घराला काटी हाय," गोजरबाई म्हणाली. "त्यानं शेवटचं दार पाहिलं ते काटीचं. तेच त्याच्या डोळ्यांत बसलंय. हाटेलात टीवी असतो म्हनं. त्यात त्यानं उघडं दार पाहिलं, की झालं. दुसरं काई नको मला."

मित्रांनो, सबंध गावात माझ्याकडून काही मागणारी ती एकटीच होती, आणि तिचे मागणे किती लहान होते! एक उघडे दार.

चहा संपवून टिपणीससाहेब उठले. दार मागे जाऊन पाहिले, पुढे येऊन पाहिले, आणि म्हणाले, "बंद करा. आणि त्या गल्लीतल्यासारखी फांदी लावा याला."

"काटी?" गोजरबाईच्या हातातली किटली तिथेच राहिली. "माझ्या दाराला?"

"थोडा वेळच, बाई."

"थोडा येळ का व्हईना. घरात मानूस असताना काटी लावत न्हाईत, सायेब."

"पण हे तुमचं घर नाहीच आहे ना," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "नाटिकेत हे कुठलंच गाव नाही. कुणाचंच घर नाही."

"मग दार कुनाचं हाय?"

सूर्यभान मध्ये पडले. "काकू, आता एवढी मोठी मान्सं आल्यात. गावाची लाज राखा. काटी तर तुमच्या परसात हायच की."

"तुमी कमानीची पाटी काखेत धरून हिंडताय, सरपंच," गोजरबाई म्हणाली, "आन् मला दार झाकाया सांगताय व्हय?"

कुणीतरी हसले. शेवटी ती साहेबांकडे वळली. "काटी काढताना तरी दिसंल का?"

"बघू," साहेब म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ऊन उतरत होते. नाटिकेतला माणूस दारापर्यंत येतो आणि काटी पाहून परत फिरतो, एवढेच त्यांच्या मनात होते. गोजरबाईने 'बघू' या शब्दाला होकार मानले. गावाकडे माणसे तसे मानतात.

परसातून तीच काटी आली. दाराला लागली. चावी भरण्याआधी, नुसते पाहून घ्यायला, मला तिसऱ्या डोळ्यावर फिरवले. चौकटीत काटे, काट्यांची लाकडावर पडलेली सावली, आणि सावलीत हरवलेला कोयंडा. फार सुंदर दिसत होते ते. मी हे लपवणार नाही. मुंबईतल्या हजारो माणसांनी ते पाहून विचारले असते, हे कुठले दार, याच्या मागे काय आहे? आणि एका माणसाला काहीच विचारावे लागले नसते. त्याला ते दार ठाऊक होते; त्यावरची ती फांदी त्याने स्वतःच्या हातांनी लावली होती. साऱ्यांसाठी जे कोडे, ते त्याच्यासाठी उत्तर होते: अजून कुणी आले नाही, येऊ नकोस.

प्रभुदासने माझी चावी भरली. मला दुसऱ्या डोळ्यावर घेऊन नटाची पावले टिपायची होती, मग दार. मी घरघरू लागलो. नट चालू लागला. आणि भिंतीच्या आडोशाने उभी असलेली गोजरबाई पुढे आली. तिने काटी दोन्ही हातांनी धरली. काटे लागले असणार. ती उपटून वाटेवर फेकली आणि दार आत ढकलले.

प्रभुदासला बोट उचलता आले असते. त्याने उचलले नाही. माझी चावी संपेपर्यंत मी उघडे दार पाहत राहिलो.

त्या शांततेपाशी आपण पुन्हा आलो आहोत, मित्रांनो. बाहेरून फिल्म मिळणे त्या काळी कठीण होते आणि वाया गेलेला तुकडा परत येत नसे. टिपणीससाहेबांनी वर गेलेला हात हळूहळू खाली आणला.

"प्रभुदास, थांबला का नाहीत?"

"चावी होती अजून, साहेब."

"मी चावीचं विचारत नाहीये."

तेव्हा प्रभुदास बोलला. स्टुडिओत पाठ झालेल्या मराठीत नव्हे, आजोळच्या. काटी म्हंजी काय, कोन लावतं, कोन काढतं. कानिफनाथ कुठे आहे आणि त्याने सूर्यभानच्या पुतण्याला काय सांगितले. शेवटी म्हणाला, "तुमचं चित्र चांगलंच हुतं, साहेब. पन ते एका मान्साला घर बंद हाय म्हणून सांगनार हुतं. आन् घर उघडं हाय."

टिपणीससाहेब गोजरबाईच्या ओट्यावर बसले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला. त्या दिवसात पहिल्यांदाच ते कुणाच्या खांद्यापलीकडे पाहत नव्हते. उघड्या दारातून आत पाहत होते. दुपारच्या उन्हापुढे आतला अंधार गच्च होता. त्यातून चुलीचा धूर निघत होता, उंबऱ्याशी येऊन जरा थांबत होता आणि मग वरच्या चौकटीला चाटून बाहेर जात होता.

"आत कोण आहे?" त्यांनी एकदम विचारले.

"कोन असनार? मी तर हितं हाय," गोजरबाई म्हणाली. "चूल हाय."

"तेच," साहेब उठले. "प्रभुदास, बंद दार सांगून मोकळं होतं, कुणी नाही. पुढे काही उरत नाही. हे दार बघा. आत कोण आहे, हे विचारत राहतं. माझा माणूस काटी पाहून परत नाही फिरणार. काटी काढलेली पाहील. आणि आत जायचं की नाही, हे त्याला ठरवता येणार नाही."

मला पोत्यावर, उंबऱ्याच्या उंचीला बसवले. दुसरा डोळा: गोष्टी जिथल्या तिथे ठेवणारा. बुरूज अजूनही बाहेर होता, नाव अजूनही बाहेर होते, गाव अजूनही कुठलेच नव्हते. वाटेवर पडलेली काटी चौकटीच्या कोपऱ्यात येत होती.

"अशी नगं," गोजरबाई म्हणाली. "फेकल्यावानी दिसती. कुनी चोरानं काढल्यावानी." तिने काटी उचलली आणि दाराशेजारच्या भिंतीला उभी टेकवली. "घरच्या मान्सानं काढली, की अशी ठिवतो."

साहेबांनी नुसती मान हलवली.

"मी दिसंन का?" तिने विचारले.

प्रभुदासने साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "नाही, मावशी. तुम्ही दिसलात तर प्रश्नच संपला. तुमचा धूर दिसेल."

"दिसू द्या," ती म्हणाली. "मी आत बसते. धूर कमी पडाया नको." आणि अर्धा मिनिट, मी घरघरत असताना, ती काळोखात बसून फुंकणीने चूल फुंकत राहिली. माझ्या तिन्ही डोळ्यांनी तिला पाहिले नाही. तरी तो सबंध तुकडा तिचाच होता.

निघताना तिने टिपणीससाहेबांना गाठले. "कापनार न्हाई ना?"

"माझ्या हातात असेल तोवर नाही," साहेब म्हणाले. या वेळी ते 'बघू' म्हणाले नाहीत. फिल्मचा डबा मुंबईला गेला. नाटिका लागली, असे नगरला वर्तमानपत्रातून कळले. त्या गावात टेलिव्हिजन नव्हता. कापडबाजारात नव्हता. माझ्या पेटीत तर नव्हताच. तो तुकडा राहिला की कापला गेला, हे गोजरबाईला कळले नाही आणि मलाही नाही.

त्यानंतर माझे दिवस उतरले. विजेच्या मोटारीवर चालणारे कॅमेरे आले. त्यांना चावी लागत नाही, ते दमत नाहीत. स्टुडिओच्या मालकांनी मला लग्नाच्या जुन्या चौकटींमागे, कपाटाच्या खालच्या खणात ठेवले. माझ्या तिसऱ्या डोळ्यात बुरशीचे एक पांढरे जाळे धरू लागले आहे. थंडीत खिडकीच्या काचेवर दव उमटते तसे. मित्रांनो, जुन्या यंत्राला मऊ कापड लागते, कोरडी जागा लागते, आणि अधूनमधून चावी भरणारे एखादे बोट लागते. एवढे केलेत तर आम्ही फार दिवस टिकतो. आणि माझ्यासारख्या कुणाच्या मागे तुम्ही उभे राहाल तेव्हा एवढेच करा. कुणाचेही दार चौकटीत घेण्याआधी, ते कुणाचे आहे हे विचारा. ते सांगू नका हवे तर, झाकून ठेवा. पण विचारा.

त्या खणात गेल्यावर एका वर्षी, शिमगा जवळ आला असताना, प्रभुदासने मला एकदा बाहेर काढले. खर्ड्याजवळ दुष्काळी कामातून झालेल्या पाझर तलावाचे चित्र हवे होते, आणि नवा कॅमेरा दुसरीकडे गेला होता. आम्ही जामखेडहून त्या बाजूच्या एकुलत्या एका बसने निघालो. मी पेटीबाहेर, प्रभुदासच्या मांडीवर. शेजारी एक तरुण बसला होता; मुंबईचा टेरिलीनचा सदरा, पायांशी पत्र्याची ट्रंक, बोटांची टोके पाण्यात राहून पांढरी पडलेली. तो माझ्याकडे पाही आणि खिडकीबाहेर पाही, पुन्हा माझ्याकडे पाही.

"कॅमेरा हाय का?"

"व्हय."

"शिनेमाचा?"

"शिनेमाचा, टीव्हीचा. कशाचाबी."

"चालतो अजून?"

"चावी दिली की चालतो," प्रभुदास म्हणाला. तरुण पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला. बुरूज दिसू लागला तेव्हा त्याने ट्रंक मांडीवर घेतली.

तलावाच्या कामाला अजून वेळ होता, म्हणून प्रभुदास आधी गोजरबाईला भेटायला गावात उतरला. तो तरुणही उतरला. आमच्या पुढे पुढे, त्याच गल्लीने. काही दारांच्या काट्या निघाल्या होत्या, काहींच्या तशाच होत्या. गोजरबाईचे दार उघडे होते आणि आतून धूर येत होता. शेजारच्या भिंतीला, तिने त्या दिवशी टेकवली होती तिथेच, काटी उभी होती. तरुण तिच्यापाशी थांबला. त्याने ट्रंक खाली ठेवली.

प्रभुदासची चाल मंदावली. मला त्याच्या छातीशी त्याचा श्वास ऐकू आला, त्या दुपारच्यासारखाच.

"कानिफनाथ?"

तरुणाने वळून पाहिले. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

"ती नाटिका," प्रभुदास म्हणाला. "टीव्हीवर लागली हुती. उघडं दार हुतं तिच्यात. तू पाहिलीस का?"

आतून भांडे सरकल्याचा आवाज आला. कानिफनाथने काटी उचलली, गुडघ्यावर टेकवून तिचे दोन तुकडे केले आणि ते छातीशी धरून, चौकटीला लागू नये म्हणून मान वाकवत, आत चुलीकडे गेला.